आधीच मानलेले आभार

प्रसेनजितला भूक सहन होत नसे आणि ओबेदची प्रार्थना लवकर संपत नसे. चार वर्षं एका खोलीत राहून दोघांचं भांडण काय ते एवढंच. ओबेद पाखरे ताटासमोर डोळे मिटून अन्नाचे आभार मानायला लागला की त्यात शेतकरी यायचा, पाऊस यायचा, स्वयंपाक करणारे हात यायचे (ते बहुतेक वेळा प्रसेनजितचेच असत), आणि मग चिखलीची आई, तिची शुगर, मावसबहिणीचं अडलेलं लग्न. प्रसेनजित जयभीमवाल्या घरातला. देव नावाच्या गोष्टीशी त्याचं देणंघेणं नव्हतं, पण मित्र डोळे मिटून बसलेला असताना घास तोंडात घालणं त्याला बरं दिसत नसे. वरण निवायला लागलं की शेवटी तोच मोठ्यानं म्हणायचा, "आमेन." आणि वर पुस्ती जोडायचा, "बाकीचं जेवल्यावर सांगजो बे तुया प्रभूले. तो कुठी पयून चालला?" ओबेदला हसू फुटायचं आणि प्रार्थना तिथंच संपायची.

ओबेद बुलढाण्यातल्या एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होता. प्रसेनजित भूकरमापक, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीवाला. दोन भावांच्या भांडणात बांधावर उभं राहायचं, दोघांच्याही शिव्या खायच्या, आणि हद्दीच्या खुणा पटवत वावरभर हिंडायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी खोलीवर आला की पाय ओबेदपुढे लांब करायचा. "दाब. घरचा डाक्टर कायले हाय मंग?" ओबेद आधी शिव्या द्यायचा आणि मग दाबायचा.

श्रावणात मलकापूरकडून परत येताना घाटात प्रसेनजितच्या मोटरसायकलपुढे रोही, म्हणजे नीलगाय, आलं. रोही उडी मारून जंगलात गेलं. गाडी कठड्यावर गेली आणि प्रसेनजित पाठीवर दगडात पडला. मोठ्या शहरात नेऊन मणक्याचं ऑपरेशन झालं, सळ्या बसल्या, जीव वाचला. कमरेखाली मात्र काही राहिलं नाही. जानेफळच्या घराला उंच ओटा आणि अरुंद दारं, म्हणून त्याला परत बुलढाण्याच्या खोलीवरच आणलं. त्याची आई रुख्मिणीबाई गावाकडचं घर शेजारणीच्या भरवशावर टाकून तिथं राहायला आली. ओबेदनं आपली गादी स्वयंपाकघरात ओढली. प्रसेनजितचा बाप लहानपणीच गेलेला, भाऊबहीण नाही. रुख्मिणीबाईंना मुलगा एकच आणि प्रसेनजितला माणूस एकच.

रुख्मिणीबाई ओबेदला डॉक्टरच समजायच्या. पांढरा कोट घालतो, त्याच्या हाताखाली लोक उठून चालायला लागतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लकवा झालेला एक म्हातारा त्यांच्यासमोर काठी टेकत घरी गेला होता. आता सगळ्या पेशंटचं सगळं सारखं नसतं, हे त्यांना कुणी सांगायचं? ओबेदनंच. आणि ओबेद तर उद्यावर ढकलण्यात पटाईत.

दिवाळीच्या थोडं आधी एका दुपारी ओबेदनं प्रसेनजितची पुन्हा नीट तपासणी केली. टाचणी घेऊन पायाच्या अंगठ्यापासून वर यायचं आणि टोचलं की पेशंटनं बोलायचं, अशी ती साधी तपासणी असते. प्रसेनजित डोळे मिटून पडला होता. ओबेद दोन्ही पायांवरून फिरला, मांड्या झाल्या, कंबर झाली. प्रसेनजित काहीच बोलला नाही. मग डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "चालू कर ना बे. कायची वाट पाहून राह्यला?"

ओबेदच्या हातातली टाचणी तशीच राहिली. त्यानं पुन्हा एकदा अंगठ्यापासून सुरुवात केली, उगाचच, आणि या वेळी मुद्दाम म्हणाला, "आता सुरू करतो." बेंबीच्या वर आल्यावर प्रसेनजित म्हणाला, "हं. टोचलं." ओबेदला त्या क्षणी पुस्तकात लिहिलेलं सगळं आठवलं. इतके महिने गेल्यावरही काहीच परत आलेलं नसेल तर पुढे चालण्याएवढं परत येईल ही आशा धरायची नसते. रडू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"खरं सांग," प्रसेनजित म्हणाला.

"अजून थांबावं लागते. सूज राह्यते आतमंधी."

हे दोन महिन्यांपूर्वी खरं होतं. आता ते खरं नव्हतं, आणि प्रसेनजित काही कुक्कुलं बाळ नव्हता. तो फक्त एवढंच म्हणाला, "बरं."

त्याच संध्याकाळी ओबेदच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक प्रार्थनेला येणार होते. रुख्मिणीबाईंनीच बोलावलं होतं. दारावर येणारी माणसं चांगलं बोलतात, फळं आणतात, पोराच्या केसांवरून हात फिरवतात, एवढंच त्यांना कळलं होतं. प्रसेनजितनं परवानगी दिली होती. "येऊ दे. खोलीत चार मानसं आल्यासारखं वाटते. फक्त मले झाडू नका मारू अंगावरून." दयाराम मास्तर आले. मंडळीतले वडील, निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातला. त्यांच्याबरोबर आणखी चारपाच जण. दोन गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि मास्तर म्हणाले, "शेवटची प्रार्थना ओबेदनं करावी. मित्र आहे."

इथं ओबेदच्या घरची एक रीत सांगायला हवी. आजोबांपासून चालत आलेली. देवाकडे मागायचं, आणि मिळालं असं धरून त्याच दमात आभार मानायचे. दहावीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी आईनं चांगल्या निकालाचे आभार मानले होते. त्या मावसबहिणीच्या नवऱ्याचे आभार गेली सहा वर्षं मानले जात होते आणि नवरा अजून मिळाला नव्हता. पण त्या मंडळीतला कुणीही दुसऱ्या दिवशी उठून विचारत नाही की आभार मानलेली गोष्ट कुठे आहे. ते देवाशी बोलणं आहे, बातमी नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेरच्या माणसाला ते कसं ऐकू जाईल, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

एरवी ओबेदची बोली अस्सल वऱ्हाडी. पण प्रार्थनेला डोळे मिटले की त्याची मराठी एकदम इस्त्री केलेली व्हायची. त्या संध्याकाळी त्याच्या डोक्यात टाचणी होती. मागायला तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते थांबवणं त्याच्या हातात राहिलं नाही. रडत रडत तो म्हणत गेला, "हे प्रभू, तू माझ्या भावाला उभं केलं आहेस. त्याच्या पायांत तू बळ घातलं आहेस. तो चालत आहे, हे आम्ही विश्वासाच्या डोळ्यांनी पाहतो आणि तुझे उपकार मानतो." सगळे म्हणाले, "आमेन." प्रसेनजितनंही सवयीनं म्हटलं.

आणि लोक चप्पल घालत असतानाच चादरीखाली प्रसेनजितचा डावा पाय उडाला. गुडघा वर आला, थरथरला, आणि खाली पडला.

अशा दुखापतीत हे होतं. मेंदूचा आणि पायाचा निरोप तुटलेला असतो, पाय आपला आपणच उडतो. त्याचा चालण्याशी काही संबंध नसतो. ओबेदला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण रुख्मिणीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या मरणानंतर एवढ्या वर्षांत त्या चेहऱ्यावर अशी उमेद आली नसेल. दयाराम मास्तर दारातूनच म्हणाले, "देवाची स्तुती असो."

"असं होते कधी कधी, मावशी," ओबेद पुटपुटला. "पाय उडला का गुडघ्यावर हात ठेवून हळू दाबून धरायचा. थांबते मंग."

त्यांनी मान हलवली. पण वर येणारा पाय कोणती आई खाली दाबेल? त्यांनी तो कधीच दाबला नाही. उलट पाय उडाला की हातातलं काम टाकून त्या बघत उभ्या राहायच्या, आणि शेजारीण आलेली असली तर तिलाही हाक मारायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाईंचे जानेफळला फोन गेले. "हाव, डाक्टरनंच सांगतलं. ओबेदनं. देवाचे आभार बी मानले त्यानं समद्याइच्या समोर. शिकेलसवरेल मानूस काम झाल्याबिगर आभार मानते का?" ओबेद स्वयंपाकघरात चहा गाळत होता. चहा ओट्यावर सांडला. तेव्हाच बाहेर येऊन दोन वाक्यं बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो ओटा पुसत राहिला.

मग नागपूरचा फोन आला. तिथं एक संस्था होती, मणक्याच्या पेशंटना खुर्चीवरचं आयुष्य शिकवणारी. पलंगावरून खुर्चीत कसं यायचं, लघवीची नळी आपली आपण कशी घालायची, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हाताने चालवायची गाडी कशी चालवायची. ओबेदनंच ऑपरेशननंतर प्रसेनजितचं नाव घालून ठेवलं होतं. आता जागा निघाली होती. अट एकच, घरचं एक माणूस सोबत राहायला हवं. येत्या सोमवारी हजर नाही झाला तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. प्रसेनजितच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, तू खुर्चीत बसून येऊ शकलास तर नकाशांचं टेबल तुझं. सगळं त्या एका जागेवर लटकलं होतं.

रुख्मिणीबाईंनी ऐकून घेतलं आणि भाजी निवडायला घेतली. "चालनाऱ्या मानसाले खुर्ची कायले शिकवा लागते?" त्या म्हणाल्या. "तठी समदे लंगडे-लुले राह्यतीन. पोराचं मन खचन. मी नाई येत."

प्रसेनजितनं समजावलं. मोबाइलवर चित्रं दाखवली. शेवटी ओरडला. त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुले वाटते तसं. आजारी मानसाले वाटतेच."

त्या भाजीला बाहेर गेल्यावर त्यानं ओबेदला हाक मारली.

"मायच्या डोक्यात तूनं घातलं," तो म्हणाला. "तूच काढ."

"मी असं काही सांगतलं नोतं रे. मी प्रार्थना..."

"मले माईत हाय तू काय केलं. तिले नाई माईत." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ओबेदला तो जास्त लागला. "मह्या आज्यानं घरातला देव्हारा काढून टाकला होता, ओबेद. नवस बंद, उतारे बंद, पाया पडनं बंद. कोनापुढं हात नाई पसरायचा, म्हनून शिकवलं आमाले. मायनं बापाच्या दुखन्यात बी कोनाले नवस नाई बोलला. आन् तूनं तिले हात जोडाले लावले. ते बी खोट्यासाठी."

"खोट्यासाठी नाही," ओबेद म्हणाला. 

"तुले जवा इचारलं तवा मले बी नाई सांगतलं," प्रसेनजित म्हणाला. "मले चालन. मी मोबाइलवर वाचून समजून घेतलं. पन तिच्याजवळ मोबाइल नाई वाचाले. तिच्याजवळ तू हायेस. सोमवारपर्यंत सांग. नाई सांगतलं तं मंग आपलं काई राह्यलं नाई."

ओबेद त्या आठवड्यात सांगायला निघाला नाही असं नाही. एकदा क्ष-किरणाचा फोटो घेऊन बसला. त्यातली तुटलेली जागा बोटानं दाखवली. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "ह्या सळ्या लय बेस बसवल्या ना." दुसऱ्यांदा त्या भाकरी थापत असताना जवळ जाऊन बसला, आणि त्यांनी पहिली भाकरी त्याच्याच ताटात टाकली. सांगायचं ते भाकरीबरोबर पोटात गेलं. माणूस मेल्याची बातमीही लोक या बाईला इतकं भीत भीत सांगत नसतील.

मग तो दयाराम मास्तरांकडे गेला. निदान मंडळीतून तरी कुणी म्हणावं, की बाई, आमची रीत अशी आहे, त्याचा अर्थ तसा नाही. मास्तर अंगणात तुळशीसारखी जपलेली गुलाबाची झाडं छाटत होते. सगळं ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"तो चालणार नाही, हे तू कशावरून म्हणतोस?"

"मास्तर, माझं शिक्षणच त्यातलं आहे."

"तुझं शिक्षण मोठं की देव मोठा?"

याला मंडळीत एकच उत्तर असतं आणि ते ओबेदनं दिलं. मास्तर वाईट माणूस नव्हते. स्वतःची बायको कर्करोगानं गेली त्या सकाळपर्यंत त्यांनी तिच्या बरं होण्याचे आभार मानले होते, आणि गेल्यावर तिच्या विश्रांतीचे मानले. ते म्हणाले, "येत्या रविवारी कापणीचा सण आहे. त्या बाईला साक्ष द्यायची आहे म्हणते. देऊ दे. तिचा विश्वास आपल्यापेक्षा मोठा आहे, ओबेद. तू त्याच्या आड येऊ नको." ओबेद घरी आला तो अधिकच गोंधळून. देव करू शकतो, यावर त्याचा खरंच विश्वास होता. पण नागपूरची जागा सोमवारी जाणार, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही एकाच डोक्यात ठेवून झोपायचं कसं, हे त्याला कुठल्याच रविवारच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

रविवारी चर्चचं आवार भरलं होतं. कापणीच्या सणाला जो तो आपल्या वावरातलं काहीतरी आणतो. शेत नसलेले बाजारातून आणतात. तुरीच्या शेंगा, कपाशीची बोंडं, मुळे, कोंबड्या, कुणाचा घरचा केक. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, हौसेनं चढी बोली लागते, आणि मग सगळे पंगतीत बसून जेवतात. रुख्मिणीबाई पांढरं पातळ नेसून आल्या होत्या. जानेफळहून सकाळच्या बसनं त्यांनी कोहळं मागवलं होतं, चुलतदिराच्या वावरातलं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. ते वेदीजवळ ठेवून त्या हात जोडायला गेल्या, मग तिथं कसं करतात ते माहीत नसल्यामुळं तशाच उभ्या राहिल्या.

साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायची, वेळ आली. ओबेद बाकावरून अर्धा उठला होता, पण त्या आधीच पुढे पोचल्या.

"मी तुमच्यातली नाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात असं काही करत नाइत. पन ओबेदनं आमच्या पोराच्या पायासाठी आभार मानले, आन् त्याच टायमाले पाय हालला. तवापासून रोज हालते. मंग मले वाटलं, ह्यानं आभार मानले आन् आपुन मायबाप असून नाई मानले, तं बरं दिसते का? म्हनून आली."

लोक रडले. खरंच रडले, त्यात ढोंग नव्हतं. ओबेदच्या शेजारच्या बाईनं त्याचा हात घट्ट धरला. त्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

उपासना सुटल्यावर त्यानं रुख्मिणीबाईंना बाजूला घेतलं. भाताची पातेली चुलीवर होती तिथं, निंबाखाली. वीस पावलांवर लिलाव सुरू झाला होता. त्यानं कोट घातला नव्हता, फाइल आणली नव्हती. एकदाच श्वास घेतला आणि आपल्या बोलीत सांगितलं.

"मावशी, प्रसेनजित चालनार नाही."

थांबलं तर जमणार नाही, म्हणून तो तसाच बोलत गेला.

"पाय उडते तो प्रसेनजित नाई उडवत, आपोआप उडते. मी तपासलं हाय. टाचनी लावून. त्याले काहीच समजत नाई खाली. मले त्याच दिवशी समजलं होतं, ज्या दिवशी प्रार्थना केली त्याच दुपारी. मी तुमाले सांगतलं नाई. मह्याकडून झालं नाई."

तिकडं दयाराम मास्तरांनी कोहळं दोन्ही हातांवर उचललं होतं. "हे साक्षीचं कोहळं," त्यांचा वर्गातला आवाज आवारभर गेला, "हे साधं कोहळं नाही." बोली चढायला लागली. कुणालाच ते दुसऱ्याकडे जाऊ द्यायचं नव्हतं. रुख्मिणीबाईंनी एकदा तिकडं पाहिलं, मग पुन्हा ओबेदकडे.

"मंग तूनं आभार कायचे मानले होते?" त्यांनी विचारलं.

रागानं विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. हिशेबी, विवेकी बाई, आयुष्यात कुणाला फुकटचा नमस्कार न केलेली. आभार मानलेत म्हणजे काहीतरी मिळालं असणारच, तर ते काय होतं? ओबेदनं तोंड उघडलं. विश्वास, आशा, वचन, सगळे शब्द जिभेवर होते, लहानपणापासून पाठ. त्यातला एकही त्या बाईच्या हातावर ठेवण्याच्या लायकीचा त्याला वाटला नाही.

"मले नाई माईत, मावशी," तो म्हणाला.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चाल, मंग," त्या म्हणाल्या. "पोरगं उपाशी असन."

"तुमचं कोहळं..."

"देलं ते देलं. वापस कायले घ्या लागते?"

कोहळं एका शिक्षकानं घेतलं, सगळ्यांत चढ्या बोलीनं, आणि फाटकापर्यंत येऊन आनंदानं विचारलं, "मग नाताळाला तो स्वतः चालत येईल ना?" ओबेद म्हणाला, "बघू." त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

खोलीवर येताच रुख्मिणीबाईंनी पदर खोचला. वरण शिजवलं, पोराला भरवलं, मग पलंगाखालची पेटी ओढून त्यात कपडे भरायला लागल्या. त्याचे, आणि त्याच्यावर आपले. प्रसेनजितनं ते पाहिलं आणि ओबेदला खुणेनं जवळ बोलावलं.

"सांगतलं?"

"हाव."

"रडली?"

"नाई."

"मंग लय लागलं तिले," प्रसेनजित म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. ओबेदला वाटलं होतं की मित्र निदान बरं केलंस म्हणेल. पण बरं झालं असं त्यात काय होतं? आईला कळलं म्हणजे आता ते दोघांच्या घरात खरं झालं होतं. इतके दिवस रुख्मिणीबाईंच्या मनाच्या एका कोपऱ्यात तरी तो चालत होता.

सोमवारी सकाळी मेहबूबभाईंची मोठी गाडी दारात आली. पेशंट न्यायला त्यांची गाडी ठरलेली, मागची सीट काढून गादी टाकलेली. ओबेद आणि मेहबूबभाईंनी प्रसेनजितला चादरीसकट उचलून आत ठेवलं. पायाखाली उशा लावल्या, टाचा टेकणार नाहीत अशा. ओबेदनं वाटेत दर थोड्या वेळानं कुशीवर कसं वळवायचं ते पुन्हा सांगितलं. रुख्मिणीबाईंनी सगळं नीट ऐकलं. ओबेदला सुट्टी मिळाली नव्हती, तो येणार नव्हता.

मेहबूबभाईंनी गाडी चालू केली. तेव्हा रुख्मिणीबाई म्हणाल्या, "थांबा जरा, भाऊ." आणि ओबेदकडे वळून, "बेटा, प्रार्थना कर."

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"करत असतो ना तू कोनी गावाले निंघालं का. कर. पन आधीच आभार नको मानू."

मेहबूबभाईंनी गाडी बंद केली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. ओबेदनं आत वाकून मित्राच्या कपाळावर हात ठेवला. डोळे मिटले. हे प्रभू, एवढं आलं. पुढचं वाक्य आलं ते आभाराचं होतं, ते त्यानं गिळलं. दुसरं आलं तेही आभाराचंच. सत्तावीस वर्षांत जेवढं बोलायला शिकला होता त्यातून आभार काढून टाकले तर त्याच्याजवळ काय उरतं, हे त्याला त्या गाडीच्या दारात कळलं.  रस्त्यानं शाळेची मुलं गेली, कुणीतरी दुधाची किटली वाजवत गेलं, आणि त्याच्या तोंडून शब्द आला नाही.

चादरीखाली प्रसेनजितचा डावा पाय उडाला. गुडघा वर आला. रुख्मिणीबाईंनी या वेळी कुणाला हाक मारली नाही, बघतही राहिल्या नाहीत. त्यांनी गुडघ्यावर आपला हात ठेवला आणि ओबेदनं शिकवलं होतं तसा, हळू, थांबेपर्यंत दाबून धरला.

"आमेन," प्रसेनजित म्हणाला. "चाला मेहबूबभाई. हा काई संपवत नाई लवकर."

गाडी निघाली, आणि ओबेद हात तसाच पुढे धरून रस्त्यात उभा राहिला.